हॉलमधला कसारा घाट

भाची जर्मनीहून सुट्टीला आली, तेव्हा तिनं चॉकलेटच्या पिशवीबरोबर एक खोकं माझ्या हातात ठेवलं. खोकं इतकं लहान की तेही चॉकलेटचंच समजून मी ते फ्रिजमध्ये टाकलं. दोन दिवसांनी तिनं विचारलं, "मामा, गाडी लावली का?" तेव्हा ते बाहेर निघालं. आत एक लाल इंजिन, तीन डबे आणि रुळांचे तुकडे, सगळे गारठलेले. इंजिन माझ्या तर्जनीच्या दोन पेरांएवढं होतं. खऱ्या गाडीपेक्षा दोनशेवीस पट लहान, असं खोक्यावर लिहिलेलं. सोबतची पुस्तिका मात्र भरभक्कम, आठ भाषांतली. त्यातली मला येते ती एकच. पहिल्याच पानावर पुस्तिकेनं दम दिला होता की हे खेळणं नाही, आणि दुसऱ्या पानावर ठळक अक्षरांत, की गाडी कधीही बोटानं ढकलू नये, आतली दंतचक्रं मोडतात.

हा उद्योग मी का मांडला ते आधी सांगायला हवं, नाहीतर निवृत्त माणसाला वेळ जात नव्हता असा समज होईल. आमच्या सोसायटीत तो झालेलाच आहे.

माझे वडील रेल्वेत ड्रायव्हर होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. त्यांची नोकरी इगतपुरीला, आणि तीही बँकरवर. मुंबईकडून आलेली गाडी कसाऱ्याला थांबते. पुढचा घाट तिच्या एकट्या इंजिनाला झेपत नाही, म्हणून तिच्या पाठीमागे जादा इंजिनं लावतात आणि ती तिला ढकलत इगतपुरीपर्यंत चढवतात. या ढकलणाऱ्या इंजिनांना बँकर म्हणतात. वर पोचलं की बँकर सुटतो आणि पुढच्या गाडीसाठी पुन्हा खाली जातो. अण्णांनी बावीस वर्षं हेच केलं. नव्या गाडीला झेंडा दाखवायला मंडळी येतात ती पुढच्या इंजिनापाशी उभी राहतात, हार पुढच्या इंजिनाला, भाषणही तिथंच. मागच्या इंजिनाशेजारी उभं राहून कुणी फोटो काढून घेतल्याचं मी अजून पाहिलेलं नाही.

आता अण्णा चौऱ्याऐंशीचे आहेत आणि त्यांच्या डोळ्यांचे पडदे झिजत चालले आहेत. उजव्या डोळ्याला समोरचं दिसणं बंद होऊन दोन वर्षं झाली, फक्त कडेकडेचं दिसतं. डाव्या डोळ्यात इंजेक्शनं चालू होती. डॉक्टरबाई स्पष्टवक्त्या. गेल्या उन्हाळ्यात त्या म्हणाल्या, आहे ते टिकवायचा प्रयत्न करू, पण आजोबांना काही बघायची इच्छा असेल तर पुढच्या वर्षावर ढकलू नका.

परत येताना रिक्षात मी अण्णांना विचारलं, काय बघावंसं वाटतं? मनात मी काशीपर्यंतची तयारी ठेवली होती.

नाशिकच्या द्वारका चौकातल्या सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा अण्णा म्हणाले, "घाट चढताना आख्खी गाडी बघायची व्हती."

"बघितलीय की तुम्ही. हायवेवरनं कितीदा दिसते."

"त्या दुसऱ्यांच्या. मी ढकलली ती नाय बघितली. मागं बसल्याला शेवटच्या डब्याचा पत्रा दिसतो. म्होरं गाडी हाय का नाय, ते शिट्टीवरनं समजायचं."

घाटात नेऊन उपयोग नव्हता. दरीपलीकडची गाडी त्यांना दिसली नसती. म्हणून गाडीच त्यांच्या जवळ आणायची असं मी ठरवलं. ते शेवटच्या डब्यामागे नसतील, बाजूला खुर्ची टाकून बसतील, आणि अख्खी गाडी इंजिनापासून शेवटापर्यंत त्यांच्यासमोर चढेल. डावा डोळा आहे तोवर. भाचीला फोन केला. ती म्हणाली, मामा, जागा किती आहे? मी टेप घेऊन हॉल मोजला. दिवाण, टीव्ही, बायकोचं शिलाई मशीन आणि ये-जा करायची वाट एवढं वजा करता भिंतीशी साडेचार फूट लांब, दोन फूट रुंद फळी बसत होती. एवढ्या जागेत मावेल अशी सर्वांत लहान गाडी भाचीनं शोधून आणली. आम्ही दोघांनी मापं फार काळजीपूर्वक घेतली. फक्त ती हॉलची घेतली. ज्याला गाडी बघायची होती त्याच्या डोळ्याचं माप घ्यावं हे भाचीसारख्या इंजिनिअरला आणि तीस वर्षं कॉलेजचं ग्रंथालय सांभाळलेल्या माणसाला सुचलं नाही.

ग्रंथपालाला वाटतं की कुठलीही गोष्ट वाचून येते. मी पुस्तिका वाचली, मग इंटरनेटवर नवशिक्यांसाठी म्हणून जे जे लिहिलं होतं ते वाचलं, मग व्हिडिओ बघितले. सर्वांत लोकप्रिय व्हिडिओतला गोरा गृहस्थ पहिल्याच मिनिटाला सांगतो की सुरुवात साधी ठेवा, घरातली एखादी रिकामी खोली घ्या. त्याच्या मागे दिसणारी ती साधी सुरुवात आमच्या फ्लॅटपेक्षा मोठी होती.

पहिला महिना मी रूळ जोडण्यात घालवला. दोन तुकड्यांना सांधणारी पट्टी जिऱ्याएवढी असते. ती बोटात धरता येत नाही, चिमट्यात धरली तर उडते, आणि उडालेली पट्टी आमच्या ठिपक्याठिपक्यांच्या फरशीवर शोधायची तर पोटावर झोपून टॉर्च आडवा मारावा लागतो. बायको भुवयांचा चिमटा परत मागायची. मी तो परत द्यायचो आणि पुन्हा घ्यायचो. शेवटी तिनं नवा आणला आणि जुना मला समारंभपूर्वक बहाल केला.

रूळ जोडले तर गाडी चालेना. चार इंच जायची आणि थांबायची. बोट लावलं की पुन्हा चार इंच. बोट लावायचं नाही असं आठ भाषांत लिहिलेलं असल्यामुळे मी ते चोरून लावायचो. एका ऑनलाइन मंडळाला विचारलं. तिथल्या एका ज्येष्ठ सभासदानं माझा प्रश्न फारच प्राथमिक असल्याचं आधी नोंदवलं आणि मग एका शब्दात उत्तर दिलं: धूळ. वीज रुळांतून चाकांत जाते, मध्ये धूळ आली की संपलं. आमची खिडकी हायवेच्या बाजूला. नाशिकच्या हवेचं कौतुक करणारे पाहुणे नेहमी मुंबईचे असतात, आणि ते फळ्या पुसत नाहीत. दोनशेवीस पट लहान जगात धुळीचा कण म्हणजे रुळावर आलेली दरड. मी सकाळी रूळ पुसायचो, दुपारी पुसायचो, बायकोनं झाडू मारला की पुन्हा पुसायचो. तिनं झाडू सोडून ओल्या फडक्यानं पुसायला सुरुवात केली हा तिचा मोठेपणा. गाडी त्यानंतर सपाटीवर गोल फिरू लागली. तोवर गणपती आले आणि गेले.

राहिला घाट.

खऱ्या घाटाचा चढ सदतीसाला एक. सदतीस फूट पुढं गेलं की एक फूट वर. मी साडेचार फुटांचं गणित केलं तर घाट दीड इंचाचा निघाला. आमच्या न्हाणीघराचा उंबरठा त्याहून उंच आहे. घाट म्हणजे त्याला काही रुबाब हवा, दरी हवी, अण्णांनी बघताक्षणी ओळखायला हवा, असं माझ्या मनानं घेतलं. लोकांच्या कमानी, कटआउट आणि सत्काराच्या शाली यांना आयुष्यभर नावं ठेवणारा मी. मी चार इंचांचा घाट बांधला. नव्या फ्रिजबरोबर आलेला थर्माकोल कापून डोंगर केले, त्यावर खळीत बुडवलेल्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या चिकटवल्या, तपकिरी रंग दिला आणि चहाचा चोथा वाळवून माती म्हणून पसरला. घरात दोन आठवडे शिळ्या चहाचा वास होता. खालच्या टोकाला कसारा, वरच्या टोकाला इगतपुरी, अशा पाट्या काडेपेटीच्या काड्यांवर लावल्या. दिसायला घाट फार सुंदर झाला. एकटं इंजिन तो धापा टाकत चढायचं. तीन डबे लावले की अर्ध्यावर चाकं जागच्या जागी गरागरा फिरायची आणि अख्खी गाडी हळूच मागे कसाऱ्याला यायची.

हे सगळं अण्णांपासून लपवून चाललं होतं असं मी समजत होतो. ते चार फुटांवर दिवाणावर बसलेले असायचे. त्यांनी एकदाही विचारलं नाही. मीही त्यांना काही विचारलं नाही, कारण त्यांना आयती तयार गाडी दाखवायची होती. घाट ज्या माणसाला सगळ्यांत जास्त कळतो तो माझ्या मागे बसून शेंगदाणे खात होता, आणि मी त्या ऑनलाइन मंडळातल्या, इंग्लंडमधल्या निवृत्त दंतवैद्यांना विचारत होतो की माझी चाकं का फिरतात.

दसऱ्याच्या सकाळी मात्र अण्णा आपणहून म्हणाले, "इंजिनाची पूजा केल्याबिगर घाटात घालू नको." शेडमध्ये दसऱ्याला प्रत्येक इंजिनाला हळदकुंकू, झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू. बावीस वर्षांत एक दसरा चुकला नव्हता. मी असल्या गोष्टी मानत नाही, पण चौऱ्याऐंशीच्या माणसाशी वाद घालायला दसरा हा दिवस बरा नव्हे. बायकोनं ताम्हन आणलं. मी मनात म्हटलं, कुंकवाचं एक बोट, संपलं.

तेवढ्यात सोसायटीचे चेअरमन आपट्याची पानं घेऊन आले. चेअरमन कार्यक्रमाशिवाय राहू शकत नाहीत. पार्किंगमधल्या नव्या नळाचंही त्यांनी फीत कापून उद्घाटन केलं होतं. फळीकडे बघून त्यांनी आधी गाडी कुठं आहे ते विचारलं. मी दाखवल्यावर चष्मा बदलला. मग म्हणाले, असं खासगीत नको, आणि पाच मिनिटांत वरच्या दोन मजल्यांवरची माणसं आमच्या हॉलमध्ये उभी होती. चेअरमननी चार शब्द सांगितले. त्या चार शब्दांत छत्रपती होते, मेक इन इंडिया होतं, आणि आमच्या सोसायटीचं नाव जगाच्या नकाशावर जाणं होतं. इंजिन जर्मन आहे हे मी सांगितलं नाही.

मग हळदकुंकू. एक बोट लावायचं ठरलं होतं, पण उपस्थित सगळ्यांनी लावलं, कारण मागे राहिलं तर वाईट दिसतं. झेंडूचं एक फूल वाहिलं तर इंजिन त्याच्याखाली गडप झालं. शेवटी लिंबू. लिंबू इंजिनापेक्षा मोठं होतं. ते चाकाखाली ठेवायचं तर इंजिन लिंबावर ठेवावं लागलं असतं. मला वाटलं आता तरी हे थांबेल. पण चेअरमननी सुरी मागवली, लिंबाची एक फोड कापली, त्या फोडीची फोड केली आणि ती रुळावर ठेवून मला म्हणाले, "घ्या सर, होऊ द्या." सगळ्यांचे मोबाइल वर झाले. मी बटण फिरवलं. इंजिन फोडीला धडकलं, तिच्यावर अर्धं चढलं आणि थांबलं. टाळ्या झाल्या. पेढे वाटून लोक गेले तेव्हा लिंबाचा रस, हळद आणि कुंकू यांचं लालभडक गंध रुळांत, चाकांत आणि इंजिनाच्या पोटात शिरून वाळत होतं.

अण्णा म्हणाले, "शेडात पूजा झाली की लगेच पुसून घ्यायचो आम्ही." हे त्यांनी लोक गेल्यावर सांगितलं.

इंजिन पुन्हा जिवंत करायला मला दिवाळी ओलांडावी लागली. ते उघडल्यावर आतली दंतचक्रं मोहरीएवढी निघाली आणि प्रत्येक दाताच्या फटीत कुंकू. औषधाच्या दुकानातून स्पिरिट आणलं, टाचणीला कापूस गुंडाळला, भिंगाखाली एकेक दात पुसला. एक स्क्रू हरवला. तो चहाच्या चोथ्यात सापडला. पुन्हा जोडलं तर उलटं चालायला लागलं, म्हणून पुन्हा खोललं. इतकं बारकाईनं मी माझं स्वतःचं लग्नसुद्धा निभावलेलं नाही, असं बायकोनं सांगितलं.

त्या मधल्या दिवसांत डोळ्याची तपासणी आली. डॉक्टरबाईंनी तक्ता लावला. मागच्या खेपेला अण्णांनी तीन ओळी वाचल्या होत्या. या वेळी त्यांनी सर्वांत वरचं मोठं अक्षर कुठंय ते विचारलं. रिक्षात या वेळी मी काही विचारलं नाही. द्वारकेच्या सिग्नलला अण्णाच म्हणाले, "तुझं इंजिन निघालं का शेडातनं?"

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांची खुर्ची फळीला लावली. इंजिन चालत होतं. घाट चढत नव्हतं, पण रूळ लखलखीत होते, आणि मला वाटलं, कधी कधी नशीब असतं. बायको मशीनवर बसली होती. तिनं पाय थांबवला.

अण्णा फळीवर वाकले. नाक जवळजवळ डोंगराला लागलं. "कुठंय गाडी?"

"ही काय. कसाऱ्याला उभी आहे."

त्यांनी मान वळवली, कडेच्या नजरेत काही सापडतं का ते बघायला. मग दुसऱ्या बाजूला वळवली. "तांबडं कायतरी हाय," ते म्हणाले. त्यांना गाडी दिसली म्हणून नव्हे, मला बरं वाटावं म्हणून ते तसं म्हणाले हे मला कळलं. पाच महिने मी जे रूळ, ज्या पाट्या, जी दरी करत होतो, त्यातलं त्यांना कुंकवाच्या रंगाचं एक बोट दिसत होतं, तेही डोळ्याच्या कोपऱ्यातून.

तरी मी बटण फिरवलं, कारण दुसरं काय करणार. गाडी निघाली, अर्ध्यावर गेली, आणि चाकांचा तो बारीक आवाज सुरू झाला.

"घसरतंय," अण्णा लगेच म्हणाले. गाडी न दिसणाऱ्या माणसाला आवाज बरोबर कळला होता. त्यांनी हात पुढं केला, चाचपडत तळवा चढावर ठेवला आणि वरपर्यंत नेला. "हा चढ कुणी मंजूर केला?"

"मी."

"कितीचा?"

"तेरा-चौदाला एक असेल."

"माकड तरी चढंल का?" मग थोडं थांबून, "बँकर कुठंय?"

मी बायकोकडे बघितलं. ती मशीनकडे बघत होती. मी सांगितलं की बँकर नाही. एकच इंजिन आहे. मला सुचलं नाही. हे वाक्य मी बँकरच्या ड्रायव्हरच्या पोटी जन्मून, इगतपुरीत रेल्वेच्या क्वार्टरमध्ये वाढून, त्याच्या तोंडावर म्हणत होतो. अण्णा रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते मान हलवत राहिले. मी म्हटलं, दुसरं इंजिन मागवू, भाची पुढच्या वर्षी येईल तेव्हा. म्हणता म्हणताच मला ऐकू आलं की मी पुढच्या वर्षाचं बोलतोय.

अण्णांनी सदऱ्याची बाही वर केली. तर्जनीनं रूळ चाचपत चाचपत शेवटच्या डब्यापाशी आले आणि बोट त्याच्या पाठीला टेकवलं.

"अण्णा, बोटानं ढकलायचं नसतं. दात मोडतात आतले."

"शिट्टी दे."

"काय?"

"म्होरच्यानं शिट्टी दिल्याबिगर मागच्यानं जोर लावायचा नसतो. दे."

मी साठीचा माणूस, आयुष्यभर लोकांना शांतता राखा म्हणत आलेला. मी शिट्टी दिली. अण्णांनी तोंडानं तिला उत्तर दिलं, माझ्यापेक्षा पुष्कळ खणखणीत, आणि मी बटण फिरवलं. पहिल्या खेपेला त्यांनी खऱ्या गाडीचा जोर लावला. तिन्ही डबे दरीत, चहाच्या चोथ्यात. ते परत रुळांवर बसवायला मला भुवयांचा चिमटा आणि दहा मिनिटं लागली, आणि तेवढा वेळ अण्णांनी बोट कसाऱ्याला जिथं होतं तिथंच ठेवलं. दुसऱ्या खेपेला मधला डबा घसरला. तिसऱ्या खेपेला त्यांना अंदाज आला. ते गाडीकडे बघतच नव्हते. तोंड खिडकीकडे, मान किंचित तिरपी, आणि बोट इंजिनाच्या आवाजाप्रमाणे कमीजास्त होत पुढं सरकत होतं. आवाज चढला की बोट जोर घ्यायचं, उतरला की सोडायचं. इगतपुरीच्या काडीपाशी चढ संपला तसं त्यांनी बोट आपोआप काढून घेतलं. मी त्यांना सांगितलं नव्हतं, पोचलो म्हणून.

"सुटलं," ते म्हणाले. मग माझ्याकडे तोंड करून, "दिसली का आख्खी?"

गाडी चढत होती तेव्हा मी त्यांच्या बोटाकडे बघत होतो. शेवटच्या डब्याची मागची बाजू आणि बोट, एवढंच मला दिसलं होतं. या सगळ्या उद्योगात ती गाडी नीट बघायची एकुलती एक संधी आली, तीही मी घालवली होती.

"नाही," मी म्हणालो. "मीही मागंच बघत होतो."

"मग काय उपेग तुझ्या डोळ्यांचा?" अण्णांनी बोट पुन्हा रुळावर ठेवलं. "आण खाली. ह्या बारीला म्होरं बघ, आणि नीट सांग मला. इंजिन वळणावर गेल्यावर शेवटचा डबा कुठं असतो ते मला पायजे."

मी गाडी मागे घेतली. कसाऱ्याच्या अलीकडे मधला डबा पुन्हा घसरला. मी बायकोकडे माझा चिमटा मागितला.